मण्यांवरचा हात

शंभरपैकी शंभर गणितं बरोबर आणि तरीही मुलगी नापास, असं आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर अभिनंदन मगदूमनं त्या माणसाला सरळ वेड्यात काढलं असतं. पण कोल्हापूरच्या त्या सभागृहात, दीडशे आईबापांच्या देखत, समोरच्या मोठ्या पडद्यावर नेमकं तेच लिहून आलं. 'त्रिशला अभिनंदन मगदूम, वय नऊ, पायरी चौथी. उत्तरे शंभरपैकी शंभर. वाट अमान्य. शेरा : परकी मदत.'

परकी मदत म्हणजे कॉपी. मंडळाची भाषा सोवळी असली तरी अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागं वळून पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवत पुन्हा तोंड फिरवलं. त्रिशला खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत होती. तिला शेऱ्यातलं 'परकी' कळलं नव्हतं, पण आपल्या नावाखाली तांबडी रेघ आली आहे एवढं कळलं होतं. अभिनंदननं तिचा हात धरला आणि बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आत तिला बाहेर काढलं.

दोन हजार एकेचाळीस साल होतं. आकडेमोडीचं उत्तर ही तेव्हा जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू झाली होती. चष्म्याच्या काचेवर बेरीज उमटायची, कानात मुगाएवढं यंत्र पाढे कुजबुजायचं. गणित आता कुणालाही येत होतं, म्हणजे खरं तर कुणालाच येत नव्हतं. मग लोक पोरांना अबॅकसच्या क्लासला कशाला घालत होते, तर मिळेनाशी झालेली वस्तू वेगळीच होती. एका जागी दहा मिनिटं टिकणारं मन. डोळे मिटून डोक्यात मणी मांडायचे, ते हलवायचे, मांडलेलं विसरायचं नाही, हे ज्या पोराला जमतं त्याचं चित्त पुढं कशातही ठरतं, असं शाळांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून मनोगणित मंडळाच्या पायऱ्यांना मोल आलं, आणि मोल आलं तिथं लबाडीही आली.

लबाडी पकडायला मंडळानं चौथ्या पायरीपासून पुढं कपाळपट्टी आणली. दिसायला ती साधी सुती पट्टी, थंडीत कानाला बांधतात तशी. आतून मात्र साठ बारीक टिकल्या मेंदूतली विजेची कुजबुज टिपायच्या. त्यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. हात हलवायचा नुसता विचार केला, तरी हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग जागा होतो. हात जागचा हलला नाही तरी. जे मूल खरोखर मनातल्या मनात मणी ढकलतं, त्याच्या मेंदूत अंगठ्याचे आणि बोटाचे हुकूम टपटप उमटतात. जे मूल काचेवरचं उत्तर वाचतं, त्याच्या मेंदूत फक्त बघणं दिसतं. पट्टी उत्तर तपासत नव्हती, उत्तरापर्यंतची वाट तपासत होती. आणि त्रिशलाच्या मेंदूत तिला बघणं दिसलं होतं.

इचलकरंजीच्या बसमध्ये खिडकीशी बसवून अभिनंदननं लेकीला विचारलं, "त्रिशा, खरं सांग. मी रागावणार नाही."

हे वाक्य म्हणणारा बाप तोवर रागावलेलाच असतो.

"काय सांगू?"

"गणितं करताना कुणाची मदत घेतलीस?"

त्रिशलानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. हे काय विचारायचं झालं, असा तिचा चेहरा होता. "तुमची," ती म्हणाली.

"चेष्टा करतीस व्हय माझी?"

"नाही ओ पप्पा. तुम्हीच तर..."

"पुरे."

घरी आल्यावर त्यानं जे केलं ते आठवून त्याला पुढं कित्येक दिवस स्वतःची लाज वाटायची. त्यानं तिचं दप्तर ओतलं. केसांतल्या पिना काढून वाकवून पाहिल्या. कानातल्या बाळ्या काढायला लावल्या आणि खिडकीच्या उजेडात धरून फिरवून फिरवून बघितल्या. त्रिशला रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही.

सारिका दवाखान्यातल्या लॅबमधून परतली ती ह्याच वेळी. पसरलेलं दप्तर, लेकीचे मोकळे कान आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिनं आधी त्रिशलाला आत पाठवलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अहो, मागावर धागा तुटला तर तुम्ही आधी काय बघता?"

"माग."

"मग इथं पहिल्यांदा पोरगीच तपासायला लागलात?"

अभिनंदन वीस वर्षं यंत्रमागांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. माग बिघडला की तो ऐकून सांगायचा, कुठला भाग कुरकुरतोय ते. त्यानं आवाज चढवला. "त्या पट्टीला काय हिच्याशी वैर हाय? एवढ्या पोरांत हिलाच तांबडी रेघ का आली?"

"तेच म्हणतेय मी. का आली ते बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाळीवरून आला, तर अबॅकस टेबलावर नव्हता. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या कॅलेंडरांच्या मागं त्रिशलानं तो स्वतःच ठेवून दिला होता. तिसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. तीन वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती, पोरीला ताप होता तेव्हाही नाही, आणि आता चहा झाला तरी टेबल रिकामं होतं. त्या रिकाम्या टेबलाशी बसून अभिनंदनला पहिल्यांदा भीती वाटली. पायरी गेली तर गेली, पण पोरगी आपल्यापासून गेली तर काय करायचं, असं त्याच्या मनात आलं.

तीन वर्षांपूर्वी त्रिशलाला क्लासला घातलं, तेव्हा इंगवले मॅडमनी पालकांची सभा घेऊन एक गोष्ट बजावली होती. "घरी सराव घ्या. पण आकडे तुम्ही सांगायचे, मणी मुलानंच हलवायचे. अडलं तर अडू दे. हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अभिनंदननं तर सगळ्यात जोरात डोलावली होती.

पण घरी टेबलाच्या एका बाजूला तो आणि समोर सहा वर्षांची त्रिशला, मध्ये अबॅकस. तिचं बोट अडलं की ह्याचा हात आपसूक पुढं जायचा. "असं बघ, चार मिळवायचेत आणि खाली चार मणी शिल्लक नाहीत. मग वरचा पाचाचा मणी घे, खालचा एक सोड." लेकीला शिकवता शिकवता तो स्वतःच शिकला. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट एकोणिसाव्या वर्षी जुन्या मागाच्या पट्ट्यात गेलं होतं, पेरभर खुंट तेवढा उरला होता. म्हणून तो मणी अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं हलवायचा. त्रिशला मात्र स्वतः मणी धरायची ते मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, बरोबर बोटानं. त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पुढं पुढं तर संध्याकाळचा सराव म्हणजे हा मणी हलवतोय आणि ती समोरून बघून फटाफट उत्तरं सांगतेय, असाच होऊन गेला. दोघांनाही त्यात इतकी मजा यायची की मॅडमची सूचना कधी बाजूला पडली ते कळलंच नाही.

निकालानंतर आठवड्यानं इंगवले मॅडम स्वतः घरी आल्या. पन्नाशीच्या, तोंडाच्या फटकळ बाई. "मगदूम, मी ह्या पोरीला तीन वर्षं बघतेय. ही लबाडी करायची नाही. हिला लबाडी सुचतच नाही, तो हिचा दोषच आहे म्हणा. मी अपील केलंय. पट्टीला ऐकायला ज्यांनी शिकवलं, त्या डॉक्टर नाझनीन बागवान कोल्हापुरातच असतात, मेंदू संशोधन केंद्रात. येत्या शनिवारी बघते म्हणाल्यात."

"आणखी शोभा कशाला करून घ्यायची?" अभिनंदन म्हणाला.

"शोभा झालीय ती पोरीची. तुमची नव्हे," मॅडम म्हणाल्या, आणि शनिवारी सगळे गेले.

डॉक्टर नाझनीन चाळिशीच्या होत्या. बोलताना त्या त्रिशलाकडे बघून बोलत होत्या, आईबापांकडे नाही. त्यांनी तिच्या डोक्याला पट्टीऐवजी दाट टिकल्यांची टोपी घातली, चार-पाच गणितं घातली आणि भिंतीवरचा पडदा लावला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "आपण स्वतः मणी हलवायची कल्पना करतो, तेव्हा आधी हाताला हुकूम जातो आणि मग हललेल्या मण्याचं चित्र मनात उमटतं. आधी हुकूम, मागून चित्र. दुसऱ्या कुणाला काही करताना बघितलं की क्रम उलटतो. आधी चित्र, आणि मागून आपल्या मेंदूत त्याच हालचालीचा हलका पडसाद. दुसऱ्याला जांभई देताना बघून आपल्यालाही येते ना, तसंच काहीसं. मंडळाची पट्टी फक्त क्रम बघते. त्रिशलाच्या बाबतीत चित्र आधी येतंय. म्हणजे ती काहीतरी बघतेय."

"मग कॉपीच की," अभिनंदनच्या तोंडून निघून गेलं. सारिकानं त्याच्यावर डोळे वटारले.

"थांबा. काचेवरचे आकडे वाचले तर बोटांचा पडसाद उठत नाही. आकड्यांना कुठं बोटं असतात? हिच्यात पडसाद आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. मंडळाच्या पट्टीनं इतकं खोलात पाहिलंच नाही." डॉक्टरांनी पडद्यावर पाच दिवे आणले, एकेका बोटाचा एकेक. "त्रिशला, तीनशे सत्तेचाळीस अधिक दोनशे अडुसष्ट."

त्रिशलानं डोळे मिटले. पडद्यावर पहिला दिवा लागला, अंगठ्याचा. मग तिसरा. पहिला, तिसरा, तिसरा, पहिला. दुसरा दिवा एकदाही लागला नाही.

"सहाशे पंधरा," त्रिशला म्हणाली.

"हिला कुणी मधल्या बोटानं शिकवलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या क्लासात तर नाही," इंगवले मॅडम म्हणाल्या. "हिचं बोट मी स्वतः बसवलंय."

डॉक्टरांनी खरा अबॅकस त्रिशलासमोर ठेवला. तिनं तीच बेरीज मण्यांवर केली आणि दुसरा दिवा लखलखीत लागला. पुन्हा डोळे मिटून करायला सांगितलं, तो पुन्हा विझला.

"त्रिशला," डॉक्टर म्हणाल्या, "डोळे मिटल्यावर मणी कोण हलवतं गं?"

"पप्पा."

"आणि तू काय करतेस?"

"मी समोर बसते. बघते. मग उत्तर सांगते."

खोलीतल्या तिघी बायका अभिनंदनकडे वळल्या. त्याचा उजवा हात पॅंटच्या खिशात होता. चारचौघांत तो तसाच ठेवायची त्याला सवय होती. त्यानं तो बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. तरी डॉक्टरांनी त्याला अबॅकस दिला, तीच बेरीज करायला लावली आणि कॅमेऱ्यानं त्याची बोटं टिपली. मग दोन्ही नोंदी पडद्यावर एकाखाली एक लावल्या. अंगठा कुठं, मधलं बोट कुठं, कुठं तो क्षणभर थबकतो, ते सगळं जिथल्या तिथं जुळलं.

"बसमध्ये तू मला खरं तेच सांगितलं होतंस," अभिनंदन लेकीसमोर खाली बसत म्हणाला.

"होय."

"आणि मी ऐकलं नाही. तुझ्या बाळ्या काढायला लावल्या."

"होय," ती पुन्हा म्हणाली. माफ करायची तिला काही घाई नव्हती. तिनं विचारलं, "मग आता तांबडी रेघ जाणार?"

तांबडी रेघ गेली. मंडळानं शेरा मागं घेतला, त्रिशलाची वाट ही खास वाट म्हणून नोंदवली आणि चौथ्या पायरीचं प्रमाणपत्र घरपोच पाठवलं. आता खरं तर गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण अभिनंदनच्या अंगात वारं भरलं. डॉक्टरांनी दिलेला तो दोन नोंदींचा कागद त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला आणि मागाच्या शेडमध्ये ज्याला त्याला दाखवत सुटला. वीस वर्षं जो हात तो लोकांपासून लपवत आला होता, तोच आता तो वर करून करून दाखवत होता.

"अभ्या, तुझ्या हाताला आता सर्टिफिकेट हाय म्हण," सोबतचा सुकुमार म्हणाला. "उद्यापासून चहा पण तूच ढवळ बाबा, हुशारी उतरंल आमच्यात."

अभिनंदन हसला, पण आतून फुलून आला होता. आपला हात पोरीच्या डोक्यात बसलाय, ही गोष्ट त्याला जगातल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी वाटत होती. अबॅकस फळीवरून खाली आला, संध्याकाळ पुन्हा सुरू झाली, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त हौसेनं लेकीसमोर मणी हलवू लागला.

महिन्याभरानं इंगवले मॅडमनी बोलावून घेतलं. पाचव्या पायरीला गुणाकार होता. त्रिशला अडली होती, आणि ती साधीसुधी अडली नव्हती. सगळ्यात सोप्या गुणाकारालाही डोळे मिटून नुसती बसून राहायची.

"काय होतं गं नेमकं?" मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं.

"पप्पांचा हात उठतच नाही," त्रिशला म्हणाली. "तो मण्यांवर येतो आणि थांबतो."

अभिनंदनला गुणाकार येत नव्हता. अबॅकसवर तो बेरीज-वजाबाकीच शिकला होता, आणि तीही तीन आकड्यांपर्यंत. त्याला जेवढं येत होतं तेवढंच लेकीच्या मनातल्या त्याच्या हाताला येत होतं. मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला ही भीती होतीच. बघून शिकलेली वाट बघितलेल्याच्या पुढं जात नाही. तिचं डोकं पुढं जाऊ शकतं, पण तो हात मध्ये आहे."

तोंडावर कुणी मारावी तसं झालं त्याला. इतके दिवस ज्याचा कागद मिरवला, तोच लेकीच्या वाटेत आडवा बसला होता.

पुढच्या शनिवारी तो एकटाच केंद्रात गेला. डॉक्टरांनी त्याच्यापुढं एक संमतिपत्र ठेवलं. पट्टीला आणखी एक काम येत होतं, 'वळण' लावायचं. मनात नको ते चित्र उठलं की ती कपाळावर बारीकसा विजेचा स्पर्श करायची, आणि ते चित्र उमटायच्या आत विरून जायचं. पंधरा दिवसांत जुनी वाट बुजायची.

"पंधराच दिवस?" अभिनंदननं विचारलं.

"हात पुसला जाईल, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पण ती वाट तीन वर्षांची आहे. हाताबरोबर आणखी काय पुसलं जाईल, ते मला सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. सही तुम्ही करायची आहे."

"आणि दुसरा मार्ग?"

"तुमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितला होता तो. मणी तिनं हलवायचे, तुम्ही हात लावायचा नाही. सात-आठ महिने लागतील. तिचा वेग पडेल, उत्तरं चुकतील. ह्या वर्षीची पाचवी पायरी हातची जाईल. तिच्या बरोबरीची मुलं पुढं निघून जातील, आणि ते तिला दिसेल. त्याचा त्रास होईल तिला."

तो कागद घरी घेऊन आला. त्रिशलाला समोर बसवलं आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. पट्टी काय करेल, दुसऱ्या मार्गानं किती वेळ लागेल, काहीच लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "पट्टीनं हात पुसला तर मग तुम्ही कुठं जाणार?"

ह्या प्रश्नावर सही करता येईल असा बाप निदान त्या घरात तरी नव्हता. त्यानं कागदाची घडी घातली. "हातानं बसवलंय ते हातानंच काढूया," तो म्हणाला. "खरं वेळ लागंल, त्रिशा. तुझ्या मैत्रिणी पुढं जातील."

त्रिशलाला रडू आलं. तिनं ते पुसलं आणि म्हणाली, "जाऊ देत."

दुसऱ्या दिवसापासून अभिनंदननं समोरची खुर्ची उचलून लेकीच्या शेजारी ठेवली. वही मांडीवर घेतली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मग जे महिने आले ते दोघांनाही जड गेले. जी पोरगी तीन आकडी बेरजा डोळे मिटून करत होती, ती आता मनात स्वतःचं बोट मण्यावर ठेवायला गेली की सात आणि आठची बेरीज चौदा सांगायची. ती वळून त्याच्या हाताकडे बघायची आणि हात तर मांडीखाली. उत्तर अभिनंदनच्या जिभेवर असायचं, बोटं खाली शिवशिवत असायची, आणि हा छताकडे बघत गप्प. कधी कधी ती अबॅकस ढकलून उठून जायची. सारिका म्हणायची, "माग दुरुस्त करायला कधी एवढा घाम गाळला नव्हतात."

चौथ्या महिन्यात पाचव्या पायरीची परीक्षा झाली. त्रिशलाच्या क्लासातल्या अकरा मुली बसल्या, नऊ पास झाल्या. मॅडमनी पेढे वाटले, त्रिशलानं पेढा खाल्ला आणि घरी येऊन जेवली नाही. त्या संध्याकाळी अभिनंदनचा धीर सुटला. ती एका साध्या गुणाकारावर दहा मिनिटं अडून बसली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचा हात मांडीखालून निघून मण्यांकडे गेला.

त्रिशलानं तो चापट मारून बाजूला केला. "हात मागं," ती म्हणाली.

त्यानं हात मागं घेतला. ती आणखी पाच मिनिटं अडून बसली, मग उत्तर सांगितलं. तेही चुकलं. पण त्या दिवसानंतर ती अबॅकस ढकलून कधी उठली नाही. चुकली की मणी सरळ करायची आणि म्हणायची, परत सांगा. आता सराव ती त्याच्याकडून करून घेत होती, हे अभिनंदनच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

पाऊसकाळ संपून गेला होता. रविवारची सकाळ होती, सारिका बाजारात गेली होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. आठवडाभर मण्यांवरचे गुणाकार बरे चालले होते, म्हणून त्रिशला आपण होऊन म्हणाली, "आज बघू न मांडता." तिनं अबॅकस बाजूला सारला. अभिनंदननं वहीतलं सोपं पान शोधलं, मग विचार बदलला आणि पुढचं उघडलं.

"सत्तेचाळीस गुणिले सहा."

तिनं डोळे मिटले. गुडघ्यावर ठेवलेली तिची बोटं किंचित हलायला लागली, थांबली, पुन्हा हलली. चेहऱ्यावर आठी आली. खालच्या रस्त्यानं भाजीची गाडी ओरडत गेली, आणि ती लांब जाईपर्यंत त्रिशला तशीच बसून होती.

"दोनशे ब्याऐंशी."

त्यानं वहीत पाहिलं. दोनदा पाहिलं. "बरोबर हाय," तो म्हणाला, आणि लगेच दुसरा प्रश्न विचारायचं त्याला धाडस होईना. पण विचारल्याशिवाय राहवेनाही. "त्रिशा, मणी कुणी हलवले गं?"

"मी."

ह्या एका शब्दासाठी आठ महिने काढले होते. तरी तो कानावर पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले, ते आनंदानं की आणखी कशानं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "म्हणजे मी गेलो म्हणायचं," तो हसत म्हणाला, पण हसू नीट आलं नाही.

"कुठं जाताय?" त्रिशलानं डोळे उघडले. "होता की. शेजारी बसला होता."

"काय करत होतो?"

"काही नाही. बघत होता." आणि बाप नुसताच बघत बसलाय असं पाहून तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "सांगा की पुढचं."

अभिनंदननं डोळे पुसले, पान उलटलं आणि पुढचा आकडा सांगितला.